श्वास अठरा

बुधवारी दुपारी पावणेतीन वाजता प्रांजल कुमरेनं अकरा नंबरच्या खाटेवरच्या बाईचा श्वास मोजला, तेव्हा तो अठ्ठावीस भरला.

प्रांजलला नोकरीला लागून जेमतेम सात महिने झाले होते. वरणगिरीच्या उपजिल्हा रुग्णालयातला स्त्री शस्त्रक्रिया वॉर्ड ही तिची पहिलीच नेमणूक. कॉलेजात शिकवलं तसंच ती अजून करायची. एक डोळा घड्याळाच्या सेकंदकाट्यावर, दुसरा पेशंटच्या छातीवर, आणि पूर्ण एक मिनिट तोंडातून शब्द नाही. अकरा नंबरला गोदावरी सपकाळ होती. वय सेहेचाळीस, घरी शिवणक्लास चालवायची. पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन तिसरा दिवस, शुक्रवारी घरी सोडायचं ठरलेलं.

प्रांजलनं टॅबवर अठ्ठावीस टाकलं. टॅबवर नारिंगी चौकट आली. ‘ही नोंद संभाव्य वाटत नाही. अपेक्षित : १८. टंकनचूक असल्यास दुरुस्ती मान्य करा.’ बाकी सगळं ठीक होतं. नाडी ब्याऐंशी, ऑक्सिजन पंचाण्णव, ताप नाही, बीपी नेहमीचं. पेशंटच्या नावापुढची पट्टी हिरवीगार, म्हणजे धोका नाही.

तिनं पुन्हा मोजला. पुन्हा अठ्ठावीस. मग ती टॅब घेऊन वॉर्डाच्या टोकाला गेली. तिथं इन-चार्ज सिस्टर ज्योत्स्ना तायडे शेजारच्या जिल्ह्यातून आलेल्या बारा परिचारिकांना टॅबची यंत्रणा समजावून सांगत होती.

“सिस्टर, अकरा नंबरचा श्वास जास्त येतोय. हे घेतच नाहीये.”

पाहुण्या बायकांनी माना वळवल्या. ज्योत्स्नाचं वाक्य अर्ध्यात तुटलं होतं, आणि तेही नेमकं ‘इथं चुकीची नोंद होऊच शकत नाही’ हे सांगताना. तिनं टॅबकडे नजर टाकली.

“पट्टी हिरवी आहे ना?”

“हो, पण—”

“मग मान्य कर दुरुस्ती. बोलत असेल ती मघाशी, म्हणून लागला असेल दम.” मग पाहुण्यांकडे वळून ती हसली. “नवीन आहे. शिकेल.”

प्रांजलनं बोट ठेवलं. अठ्ठावीसचे अठरा झाले.

पाच वाजून चाळीस मिनिटांनी गोदावरी सपकाळ बाथरूमला जायला उठली, दोन पावलं चालली आणि नवऱ्याच्या हातात कोसळली. पाऊण तास सगळ्यांनी शर्थ केली. पट्टी हिरवीची एकदम लाल झाली, पिवळी अशी झालीच नाही.

*

शवविच्छेदनात कारण कळलं. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी धरली होती. आधी तिचे बारीक तुकडे सुटून फुप्फुसात अडकत राहिले, शेवटी मोठा तुकडा सुटला. असे बारीक तुकडे अडकायला लागले की शरीर पहिल्यांदा श्वास वाढवतं. श्वास वाढल्यामुळं ऑक्सिजनचा आकडा काही तास तग धरून राहतो. नाडीही एरवी वाढते, पण गोदावरीला बीपीची जी गोळी चालू होती ती नाडी वाढू देत नव्हती. तिचं शरीर एकाच वाटेनं हाक मारत होतं आणि ती हाक प्रांजलनं मोजली होती. त्या वेळी रक्त पातळ करणारं एक इंजेक्शन दिलं असतं, तर बाई वाचायची चांगली शक्यता होती.

ज्योत्स्नानं तो अहवाल उभ्यानंच वाचला आणि घडी घालून फायलीत ठेवला. आपण काय बोललो होतो ते तिला शब्दन्‌शब्द आठवत होतं.

पण ही गोष्ट त्या बुधवारी सुरू झालेली नव्हती. ती अकरा वर्षांपूर्वी सुरू झाली होती, रुग्णालयात कागदाचे तक्ते बंद होऊन टॅब आले तेव्हा.

त्या वेळी बायकांनी केवढा विरोध केला होता! ‘आम्ही पेशंट बघायचे का पडदा?’ असं म्हणून अर्ध्या जणींनी टॅब कपाटात कुलूपबंद करून ठेवले होते. ज्योत्स्ना तेव्हा त्रेचाळीस वर्षांची, हुशार, बोलायला धीट. तिनं यंत्र शिकून घेतलं, मग एकेकीला शेजारी बसवून शिकवलं. चष्मा लागलेल्या सिस्टरांना अक्षर मोठं करून दिलं. मराठी पर्याय चुकीचे होते ते पत्रं लिहून लिहून बदलून घेतले. औषधाची वेळ चुकायची बंद झाली, रिपोर्ट हरवायचे बंद झाले. यातलं काही खोटं नव्हतं. मग तिला प्रशिक्षक म्हणून नेमलं गेलं आणि पाच वर्षांत ती एक्केचाळीस रुग्णालयं फिरली.

अडचण एकाच चौकटीची होती. नाडी, ताप, ऑक्सिजन, बीपी हे सगळं पेशंटच्या मनगटावरचा पट्टा आपोआप पाठवायचा. श्वास मात्र पट्ट्याला नीट कळत नसे. पेशंट बोलला, खोकला, कूस बदलली की आकडा भलताच. तो माणसानंच मोजायचा, पूर्ण एक मिनिट. वॉर्डात तीस खाटा, पाळीत चार वेळा नोंद. म्हणजे सहा तासांच्या पाळीतले दोन तास नुसतं छातीकडे बघत उभं राहायचं. दोन तास कुणाकडे होते?

कागदावर ती चौकट रिकामी राहायची, कुणी विचारत नसे. टॅबवर रिकामी राहिली की पान पुढं सरकायचंच नाही. प्रत्येक प्रशिक्षणात कुणीतरी हात वर करायची, “मॅडम, श्वास मोजायला वेळ नसला तर?”

आणि ज्योत्स्ना हसून सांगायची, “अठरा टाका आणि पुढं चला.”

सगळ्याजणी हसायच्या. तिथून त्यांची यंत्राबद्दलची भीती जायची. एक्केचाळीस रुग्णालयांत टॅब रुजला तो बराचसा त्या एका वाक्यावर.

तीन वर्षांपूर्वी त्याच नोंदी दाखवून एक नवं यंत्र शिकवून तयार करण्यात आलं. सरकारी कागदावर त्याचं नाव लांबलचक होतं, पण सगळ्याजणी त्याला ‘जागल्या’ म्हणायच्या. टॅबवरची पट्टी आणि नारिंगी चौकट त्याचीच. पेशंट बिघडणार हे तो काही तास आधी ओळखायचा, आणि पुष्कळदा खरंच ओळखायचा. त्यानं वाचवलेली माणसं ज्योत्स्नानं डोळ्यांनी पाहिली होती. त्याला शिकवायला ज्या वॉर्डांच्या नोंदी सगळ्यात पूर्ण, एकही चौकट रिकामी नसलेल्या, त्यांना सगळ्यात जास्त वजन दिलं होतं. पहिला नंबर होता वरणगिरीच्या स्त्री शस्त्रक्रिया वॉर्डाचा. त्याचं प्रशस्तिपत्र अधीक्षकांच्या खोलीत लावलेलं होतं.

*

चौकशी समिती सोमवारी बसली. वैद्यकीय अधीक्षक डॉक्टर रणपिसे, जिल्ह्याहून आलेले एक अधिकारी, आणि वॉर्डाची इन-चार्ज म्हणून ज्योत्स्ना. प्रांजल समोरच्या खुर्चीत, मांडीवर हात घट्ट धरून.

“यंत्राच्या नोंदीत स्पष्ट दिसतंय,” रणपिसे म्हणाले. “दोन वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी तुम्ही स्वतः अठ्ठावीस टाकले आणि एकावन्नला स्वतः दुरुस्ती मान्य केली. बरोबर?”

“हो सर.”

“मोजलेला आकडा तुम्ही का बदलला?”

प्रांजलनं ज्योत्स्नाकडे पाहिलं. क्षणभरच. ज्योत्स्नाला वाटलं, आता ती सांगणार. खरं म्हणजे तिला वाटलं, सांगून टाक गं बाई एकदाची.

“मला वाटलं, माझंच काही चुकलं असेल,” प्रांजल म्हणाली.

“कुणाला विचारलं नाही?”

“सिस्टर पाहुण्यांबरोबर होत्या.”

हे खोटं नव्हतं. पोरीनं फक्त अर्धं सांगितलं आणि अर्धं ज्योत्स्नासाठी शिल्लक ठेवलं. ज्योत्स्नापुढच्या कागदावर ‘इन-चार्ज यांचे म्हणणे’ असं लिहून खाली चार रेघा मोकळ्या सोडल्या होत्या. तिनं पेनाचं टोपण काढलं. पुन्हा लावलं.

“तायडे सिस्टर, तुम्हाला काही सांगायचंय?”

“मुलगी कामाला चांगली आहे,” ज्योत्स्ना म्हणाली. “एवढंच.”

प्रांजलला चौकशी पूर्ण होईपर्यंत निलंबित केलं. ती बाहेर पडताना ज्योत्स्नाला म्हणाली, “थँक्यू सिस्टर.” त्या दोन शब्दांनी ज्योत्स्नाला चपराक बसल्यासारखं झालं. दिवसभर ती कुणाच्या नजरेला नजर देऊ शकली नाही. घरी गेल्यावर मुलीनं पुण्याहून फोन केला, तोही तिनं उचलला नाही.

*

दोन दिवसांनी इरफान मणियार आला. जागल्या ज्यांनी बनवला त्या गटातला हा तिशीचा संख्याशास्त्रज्ञ, सांगलीकडचा, बोलायला मऊ. तो दोन दिवस नोंदींच्या खोलीत बसला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप घेऊन ज्योत्स्नाच्या टेबलाशी आला.

“सिस्टर, एक समजावून सांगा. ही तुमच्या वॉर्डातल्या पेशंटांची अकरा वर्षांची नाडी.” पडद्यावर डोंगरासारखा आलेख होता, मध्ये उंच आणि दोन्हीकडे उतरता. “हा ताप. आणि हा श्वास.”

श्वासाच्या आलेखात डोंगर नव्हता. दोनच खांब होते, एक अठरावर, दुसरा बुटका वीसवर. बाकी सपाट माळ.

“माणसं अशी श्वास घेत नाहीत,” इरफान म्हणाला. “मला आधी वाटलं, आमच्याच कामात गोंधळ झाला. पण सगळीकडे हेच आहे. यंत्राच्या बाजूनं बघा ना. जे बरे होऊन घरी गेले त्यांचा श्वास अठरा, जे दगावले त्यांचाही अठरा. त्यानं प्रामाणिकपणे निष्कर्ष काढला की श्वासाचा मरणाशी काही संबंध नाही. म्हणून त्यानं श्वासाला शून्य किंमत दिली. आणि कुणी अठ्ठावीस लिहिले की त्याला ती चूक वाटते. कारण अठ्ठावीस त्यानं कधी पाहिलेच नाहीत.”

ज्योत्स्ना आलेखाकडे बघत राहिली.

“हे असं का झालं असेल?” त्यानं विचारलं. त्याच्या आवाजात संशय नव्हता, हीच पंचाईत होती. तो खरोखर विचारत होता. यंत्राबद्दलचा प्रश्न घेऊन माणूस तज्ज्ञाकडे जातो, तसा.

“आमच्याकडे पेशंट स्थिर असतात,” ज्योत्स्ना म्हणाली. “गंभीर पेशंट आम्ही पुढं पाठवतो.”

इरफाननं मान हलवली. ते त्याला पटलं नव्हतं. पण एकदा उत्तर दिलेल्या बाईला पुन्हा विचारायचं त्याच्या वळणात नव्हतं. “बघतो मग,” म्हणून तो उठला.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत ज्योत्स्ना स्वतः नोंदींच्या खोलीत गेली. आपल्या नावानं केलेल्या नोंदी तिनं उघडल्या. एक लाख बारा हजार. तिला नेमकं काय शोधायचं होतं ते ठाऊक नव्हतं. कुठंतरी चोवीस, बावीस, निदान सतरा सापडावा, एखाद्या दिवशी आपण खरंच उभं राहून मोजला होता एवढं दिसावं, असं काहीसं. थोडे सापडलेही, सुरुवातीच्या महिन्यांतले. मग ते विरळ होत गेले आणि थांबले.

मग तिला ते नाव दिसलं. चंद्रभागा इंगोले, वय एकाहत्तर. सहा वर्षांपूर्वीची नोंद. मृत्यूची वेळ सकाळी अकरा दहा. त्याखाली, बारा वाजता, श्वास अठरा. नोंद करणार : ज्योत्स्ना तायडे.

तिला तो दिवस आठवेना. तेवढं मात्र स्पष्ट दिसत होतं की सकाळी पाळी सुरू होतानाच तिनं चारही वेळांचे श्वास एकदम भरून टाकले होते. आणि म्हातारी मेल्यावरही पन्नास मिनिटांनी कागदोपत्री निवांत श्वास घेत होती. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. कुणी ओरडलं नव्हतं. इतक्या वर्षांत तिला एकदाही चोरी केल्यासारखं वाटलं नव्हतं, आणि आत्ता बंद दाराआड एकटीच असताना तिनं तोंडावर पदर घ्यावा तशी ओढणी घेतली.

*

“वेडी आहेस का?” पुष्पलता बोरकुटे म्हणाली.

पुष्पलता पुरुष वॉर्डाची इन-चार्ज. दोघी पंचवीस वर्षांच्या मैत्रिणी, एकमेकींच्या बाळंतपणात एकमेकींच्या उशाशी बसलेल्या. रुग्णालयामागच्या बदामाखाली बाकावर दोघी डबे उघडून बसल्या होत्या. ज्योत्स्नाच्या डब्याला हात लागला नव्हता.

“मी सांगणार आहे, पुष्पा. उद्या दुसरी बैठक आहे.”

“काय सांगणार? की आपण सगळ्याजणी खोटं लिहीत होतो? तीस खाटांना दोन बाया देणाऱ्यांना कुणी विचारणार नाही. आपल्याला विचारतील. पेपरात येईल, ‘परिचारिकांनी श्वास बनवले’. उद्या पेशंटचे नातेवाईक माझ्या अंगावर धावून आले तर तू येणार आहेस मध्ये पडायला?”

“तीस खाटांचंही सांगेन.”

“ते कुणी ऐकणार नाही. पहिलंच ऐकतील.” पुष्पलताचा आवाज चढला होता. “त्या पोरीचं वाईट वाटतंय मलाही. पण तिचं वय आहे. दुसरी नोकरी लागेल तिला.”

“पुष्पा, तिनं मोजला होता गं. आपल्या सगळ्यांत तिनं एकटीनं मोजला होता, आणि मी तो पुसायला लावला.”

पुष्पलतानं डबा बंद केला. “मला तू हे शिकवलंस,” ती हळू म्हणाली. “अठरा टाक म्हणालीस तेव्हा मी विचारलं होतं, चालेल ना? तू म्हणालीस, काही होत नाही. तेव्हा एकटी नव्हतीस ना तू? मग आता एकटीच कशी चांगली होतेस?”

पुष्पलता उठून गेली.

*

दुसऱ्या बैठकीत इरफानही होता. रणपिसेंनी अहवालाचा मसुदा वाचायला घेतला. ‘कनिष्ठ परिचारिकेचा निष्काळजीपणा’ या शब्दांवर ज्योत्स्ना म्हणाली, “सर, थांबा.”

बोलायला लागल्यावर तिला वाटलं होतं तसं ते आपोआप वाहत आलं नाही. दाढ उपटावी तसा एकेक शब्द निघत होता. तिनं सांगितलं की प्रांजल तिच्याकडे आली होती आणि दुरुस्ती मान्य करायला तिनंच सांगितलं. का सांगितलं तेही सांगितलं. “पाहुण्यांसमोर माझी शोभा झाली असती म्हणून.” मग तिनं श्वासाचं सांगितलं. आलेखातले दोन खांब कसे उभे राहिले, कुणी शिकवलं, किती ठिकाणी शिकवलं. चंद्रभागा इंगोलेचं सांगितलं. तीस खाटांचं आणि दोन तासांचंही सांगितलं, पण ते सांगताना तिचाच आवाज तिला लबाड वाटला.

इरफान आधी तिच्याकडे बघत होता. मग त्यानं नजर खाली केली. त्यानं आपली कीव केली की आपल्याला लाज वाटू नये म्हणून बघायचं टाळलं, ते तिला कळलं नाही. दोन्ही सारखंच लागलं.

“सिस्टर,” रणपिसे खालच्या आवाजात म्हणाले, “हे तुम्ही लेखी देऊ नका. तोंडी बोललात, आम्ही ऐकलं. त्या मुलीचं काय ते मी बघतो. पण हे लेखी आलं की एक्केचाळीस ठिकाणी आग लागेल. तुमच्या निवृत्तीला चार वर्षं राहिलीत.”

“आजही जागल्या चालू आहे ना, सर? त्या सगळ्या ठिकाणी?”

“हो.”

“आज दुपारी कुणीतरी पुन्हा अठ्ठावीस मोजेल आणि तो पुन्हा अठराच म्हणेल.”

इरफाननं आपल्याजवळचा कोरा कागद तिच्याकडे सरकवला.

*

आग लागली, पण रणपिसे म्हणाले होते तशी नाही. जागल्या तीन महिने बंद ठेवला. त्याला पुन्हा शिकवायचं तर कुठल्या नोंदी खऱ्या आणि कुठल्या भरलेल्या हे कळायला हवं होतं, आणि ते त्या लिहिणाऱ्यांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून एक्केचाळीस रुग्णालयांतल्या दोन हजार सहाशे परिचारिकांच्या टॅबवर एकच प्रश्न गेला : ‘आपण नोंदवलेले श्वास मोजलेले होते का?’ नाव द्यायची सक्ती नव्हती, शिक्षेची भीती नव्हती.

दोन हजार चारशे अकरा जणींनी ‘नाही’ असं कळवलं.

इरफाननं तो आकडा ज्योत्स्नाला फोन करून सांगितला. तिला बरं वाटेल असं त्याला वाटलं असावं. तिला बरं वाटलं नाही. त्यातल्या किती जणींनी हात वर करून आपल्याला विचारलं होतं, तेवढंच ती मनात मोजत राहिली.

यंत्रात एक बदल लगेच झाला. श्वासाच्या चौकटीशेजारी ‘मोजला नाही’ असं नवं बटण आलं. पहिल्याच महिन्यात ते इतक्या वेळा दाबलं गेलं की वरणगिरीला चार नव्या जागा मंजूर झाल्या. जे पंचवीस वर्षं अर्ज करून झालं नव्हतं ते चौकट रिकामी ठेवून झालं. ही गोष्ट पुष्पलतानं दुसऱ्या कुणाला तरी सांगितली, तिच्याकडून ती ज्योत्स्नाला कळली. ज्योत्स्नाशी ती बोलत नव्हती.

ज्योत्स्नाची इन-चार्जची जागा गेली. तिला बाह्यरुग्ण विभागात इंजेक्शनच्या खोलीत बसवलं. प्रांजल पुन्हा रुजू झाली. पहिल्या दिवशी ज्योत्स्ना स्वतःहून वॉर्डात गेली. प्रांजल सहा नंबरच्या खाटेशी उभी होती, घड्याळावर नजर. ज्योत्स्ना मिनिट संपेपर्यंत बोलली नाही.

“प्रांजल, माझी चूक झाली.”

“हो सिस्टर.” प्रांजलनं आकडा टाकला, मग वर पाहिलं. “सगळ्याजणी म्हणतात, तायडे सिस्टरांनी तुला वाचवलं. मी काही म्हणत नाही. पण माझे बाबा गडचिरोलीहून आले होते मला न्यायला. बैठकीच्या दिवशी बाहेर बाकावर बसले होते. त्यांना वाटलं, पोरीनं खरंच बाई मारली. नऊ दिवस त्यांना तसं वाटत होतं. ते नऊ दिवस मला परत मिळणार नाहीत.”

“तू माझं नाव का नाही सांगितलंस?”

“मला वाटलं, तुम्ही सांगाल,” प्रांजल म्हणाली आणि सात नंबरकडे वळली.

*

रविवारी सकाळी ज्योत्स्ना सपकाळांच्या घरी गेली. कुणी पाठवलं नव्हतं. उलट रणपिसेंनी जाऊ नका म्हणून निरोप दिला होता. बिघडलेल्या नोंदी दुरुस्त करायचा अधिकार तिच्याकडे अजून होता, म्हणून टॅब पिशवीत घेतला होता. गोदावरीची नोंद अजून तशीच होती. श्वास अठरा.

भास्कर सपकाळ एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता. पन्नाशीचा माणूस, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. बाहेरच्या खोलीत तीन शिलाई मशिनी झाकून ठेवलेल्या होत्या. त्यानं तिला ओळखलं. बसा म्हणाला नाही, जा असंही म्हणाला नाही.

तिनं उभ्यानं सगळं सांगितलं. यंत्राचं थोडक्यात, आपलं सविस्तर. तो दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होता.

“त्या मुलीनं मोजला होता, दोनदा. अठ्ठावीस होता. आम्ही तो लिहू दिला नाही,” ती शेवटी म्हणाली. “तुम्हाला तक्रार करायची असेल तर माझ्या नावानं करा. मी नाही म्हणणार नाही.”

तो चौकटीपासून सरळ झाला.

“अठ्ठावीस कधीचा?”

“पावणेतीनचा.”

“सव्वातीनला एकतीस होता,” भास्कर म्हणाला.

तिला कळलं नाही.

“माझा धंदाच इंजिनाचे ठोके ऐकायचा, मॅडम. बसल्या बसल्या मी मोबाईलवर मिनिट लावून मोजला. एकतीस. चारला पुन्हा मोजला, पस्तीस. मला काय ठाऊक किती पाहिजे? पण वाढतोय हे कळत होतं. तुम्हाला सांगायला आलो होतो मी. तुम्ही त्या बायकांना यंत्र दाखवत होता. मी तोंड उघडलं तर तुम्ही न बघता असा हात केला, थांबा म्हणून.” त्यानं हात वर करून दाखवला. “मी थांबलो. मग वाटलं, एवढं मोठं यंत्र आहे, त्याला कळत असेलच. परत जाऊन बसलो.”

ज्योत्स्नाला तो आठवत नव्हता. तिनं जिवाच्या आकांतानं आठवायचा प्रयत्न केला. त्या दुपारचं सगळं आठवत होतं, पाहुण्या बायकांच्या साड्यांचे रंगसुद्धा. हा माणूस नव्हता. ती मटकन खाली बसली, खुर्ची नव्हती तिथंच, फरशीवर.

त्यानं पाणी आणून समोर ठेवलं. तिनं ते घेतलं नाही. थोड्या वेळानं तिनं पिशवीतून टॅब काढला.

“हे दोन्ही आकडे मी तिच्या नोंदीत लिहू का? आता नवीन यंत्र शिकवतायत. त्याला हे कळायला पाहिजे.”

“त्यानं काय होईल?”

“तिला काही नाही,” ज्योत्स्ना म्हणाली. “दुसऱ्या कुणाला होईल कदाचित.”

तो खाली बसला, तिच्यापासून हातभर अंतरावर. “लिहा.”

तिनं गोदावरी भास्कर सपकाळ हे नाव उघडलं. दोन सत्तेचाळीस, अठ्ठावीस, मोजणार प्रांजल कुमरे. तीन पंधरा, एकतीस. चार वाजता, पस्तीस. मोजणाऱ्याच्या रकान्यात कर्मचारी क्रमांक लागत होता. तो सोडून तिनं लिहिलं, भास्कर सपकाळ, पती. टॅबनं विचारलं, ‘नोंद उशिरा होण्याचे कारण निवडा.’ कामाचा ताण, नेटवर्क नाही, उपकरणात बिघाड, इतर. तिनं ‘इतर’वर बोट ठेवलं आणि खालच्या मोकळ्या जागेत लिहिलं : ‘ते सांगायला आले होते. मी ऐकलं नाही. ज्योत्स्ना तायडे.’

मग ती जतन करायला गेली.

“द्या इकडे,” भास्कर म्हणाला. “आधी मी वाचतो.”

त्यानं खिशातून चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि पहिल्या ओळीपासून, ओठ हलवत, सावकाश वाचायला सुरुवात केली. त्याचं वाचून होईपर्यंत ज्योत्स्ना फरशीवर तशीच बसून राहिली.